ना-हरकत

माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात
सात कोरे अर्ज आहेत, ना-हरकत दाखल्याचे.
खणाला कुलूप नाही, पण तो अडकतो.
आधी वर उचलावा लागतो, मग ओढावा लागतो.
हे फक्त मला माहीत.

जून लागला की पोरं येतात, एकेकटी.
वर्षभर चिखलाचे बूट घालून थेट आत घुसणारी
दारात चपला काढून उभी राहिली
की मी समजतो.

राइट बॅक पुण्याला गेला.
तिकडं खरं गवत आहे सर, म्हणाला,
पडलं तरी गुडघा सोलत नाही.
आमचं मैदान मुरमाचं. मे महिन्यात
चेंडूनं टप्पा घेतला की धूर निघतो.
दोघं कोल्हापूरला गेले,
तिथं म्हणे मॅच असली की गल्लीच्या गल्ली दुकानं ओढून येते.
आमच्या उपांत्य फेरीला सतरा माणसं होती.
त्यातला एक टँकरवाला, पत्ता चुकून आलेला.
थांबला मात्र पेनल्टीपर्यंत.

मी काय कमी केलं?
सकाळी दोन अंडी, कडक भाकरी,
बायकोनं कुटलेली शेंगाचटणी.
फी माफ करून घेतली,
त्यासाठी प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात
पंगतीला वाढलं.
इरेशच्या घरी गेलो विडी घरकुलात.
त्याची आई पानं कातरत होती. सूप मांडीवर.
मान वर न करता म्हणाली,
तिकडं महिन्याला किती देतात, सर?
मला आकडा माहीत होता.
मी पाणी मागितलं.

आज अंबादास आला.
अंबादास कुडक्याल, गोलकीपर.
बाप रात्रपाळीला मागावर,
आणि हा चेंडू धरतो तो असा,
की तुटलेला धागा दोन बोटांत सापडावा.
चपला दारात.

जातोस काय बे?
तो काही बोलला नाही.
मग मी बोललो. पुष्कळ बोललो.
माती, शहर, कॉलेजचं नाव,
तिकडं बाकावर बसवतील, इकडं तू कॅप्टन,
असलं सगळं.
बोलता बोलता माझाच आवाज मला ओळखीचा वाटला.
हाच आवाज घेऊन मी गेलो होतो वळसंगला,
चार वर्षांपूर्वी, स्पर्धेच्या दहा दिवस आधी,
पिशवीत नवे बूट, आठ नंबर.
अकरावीतला हा पोरगा म्हेत्रे गुरुजींचा होता.

गुरुजींनी भांडण केलं नाही.
सायकल भिंतीला लावून सही केली
आणि एवढंच सांगितलं,
मॅचआधी जेवत नाही हा. केळं द्या. समोर उभं राहून खायला लावा.
पुढं त्यांची शाळा आठ गोलांनी हरली.
मी पेपरात वाचलं, आणि पान उलटलं.

खण ओढला. अडकला.
पुन्हा ओढला.
सर, अंबादास म्हणाला,
आधी वर उचला.

म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं.
तरी दरवर्षी दारात उभे राहायचे,
मी उघडेपर्यंत.

सही करताना पेन चालेना. त्यानंच दिलं.
अर्जाच्या पाठीमागं, नव्या कोचसाठी, मी लिहिलं:
उजवीकडं उशिरा झेपावतो.
ओरडलेलं चालतं, हसलेलं चालत नाही.
केळं.

आता खणात सहा.

संध्याकाळी नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
शिपायानं पाइप लावला, मुरूम जरा दबला.
पोरं आली. गोलमध्ये कुणी नव्हतं.
शिट्टी खिशात टाकून मीच जाऊन उभा राहिलो,
पोट आत घेऊन, वय बावन्न.
मारा रे, म्हटलं.

पहिलाच चेंडू उजवीकडून आत गेला.
कुणी हसलं नाही.