बर्फाच्या कारखान्यात एक थेंब

वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना
बंद पडून सहा वर्षं झाली.
भिंतींना अजून अमोनियाचा वास,
जमिनीवर, जिथून लाद्या ओढत नेत, तिथे एक लांब चर.
मिथिला केरकरने चारी भिंतींना चुना काढून घेतला
आणि माझ्याकडे सूक्ष्मदर्शक मागायला आली.

सूक्ष्मदर्शक माझा नव्हे, लॅबचा.
पण रविवारी लॅबला कुलूप, नि किल्ली माझ्या खिशात.
बावीस वर्षं मी त्या नळीला एक डोळा लावून बसलोय.
रक्त, थुंकी, लघवी. नाव, वय, वाडी.
दिसेल ते एका ओळीत लिहायचं,
कागदाला घडी घालायची.
दाखवलं कधीच कुणाला नाही.

मांडवीच्या तोंडाशी, भरतीला,
तिने एक थेंब उचलला.
एकच.

संध्याकाळी दिवे मालवले तेव्हा
‘गेली!’ असं सवयीने कुणीतरी ओरडलं.
मग पूर्वेच्या भिंतीवर काचेचं एक चाक उगवलं,
त्याच्या आऱ्यांतून दुसरं,
आणि पातीसारखी निमुळती एक होडी
वल्ह्याशिवाय, माणसाशिवाय
छपरापर्यंत सरकत गेली.
पाण्याखाली सोडलेल्या माइकमधून
लाह्या फुटल्यासारखं तडतडत होतं.
खडकातल्या सुंगटांच्या नांग्या, मिथिला म्हणाली.
आम्ही इतकी वर्षं समुद्राकाठी राहून
समुद्र आतून गप्प आहे असं धरून चाललो होतो.

एक पोर उजेडात शिरलं.
सहा पायांचं काहीतरी त्याच्या पाठीवरून चालत गेलं
आणि त्याने शर्ट झटकला.

शेवंती गिरप उपड्या क्रेटवर बसली होती.
तिने ओळखलं ते कुठल्या पुस्तकातून नव्हे:
‘ह्या बांगड्याच्या पोटात असता.
तांबडा, रव्यासारख्या. नखात ऱ्हवता.’
चाळीस वर्षं ती हे बोटांनी काढून
नळाखाली सोडत आली होती.

आणि तेवढ्यात उत्तरेच्या भिंतीवर
काळ्यावर एक उजळ धागा. टोकाला आकडा.
माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.
तीन वर्षांपूर्वी, लावणी संपता संपता,
असेच धागे मी पाहिले होते,
तिच्या देवूच्या थेंबात.
एक ओळ लिहिली होती. घडी घातली होती.
ती घडी तिनेच हातात घेतली होती.

हा धागा तो नव्हे, मला माहीत होतं.
हा निरुपद्रवी, खाऱ्या पाण्यातला, उन्हावर जगणारा.
पण ते सांगायचं तर
तोही सांगावा लागला असता.

शेवंती उठली. भिंतीपाशी गेली.
पसरलेल्या पंजावर तिने तो धागा घेतला,
‘कसो नाचता बघ गे,’ शेजारणीला म्हणाली.
मग माझ्याकडे वळून:
‘मेल्या, तू रोज ह्याच बघतंस?
आनी कधी सांगलंस नाय!’
मी मान हलवली.
कशाला हो म्हणालो, अंधारात तिला कळलं नसावं.

सोमवारी काचपट्टी धुवायची राहिली होती.
थेंब वाळून मीठ झालेला,
चौकोनी, निश्चल, कडांना जरासा चमकणारा.
नेहमीसारखा एक डोळा लावला,
दुसरा मिटायचा विसरलो.
त्या डोळ्याला दारातली रांग दिसत होती:
बाकावर चपला काढून, पाय वर घेऊन बसलेली माणसं,
प्रत्येकाच्या हातात
आपापली छोटी बाटली.