पंधरा दिवसांसाठी

बडोद्यात, दांडिया बाजारापासून जवळच,
ग्रंथपालांची परिषद. दिवस दुसरा.
आम्हा छोट्या प्रकाशकांना टेबलं मिळाली होती
जिन्याखाली, चहाच्या बंबाशेजारी;
गर्दी भरपूर, पण कपांची.

एक टेबल माझं, एक गडहिंग्लजच्या दोघा भावांचं,
आणि कोपऱ्यात वहिदा मुल्ला,
जी स्वतःच जुळवते, स्वतःच शिवते,
स्वतःच पोस्टात रांगेला उभी राहते.
आदल्या दिवशी आम्ही मिळून
अकरा पुस्तकं विकली होती.
त्यातली दोन एकमेकांना.

वर सभागृहात मात्र आवाज चढलेले.
तुमची पुस्तकं आमच्यापर्यंत येतच नाहीत, ते म्हणाले.
तुम्ही मागवतच नाही, आम्ही म्हणालो.
सवलत किती टक्के, बिल मार्चच्या आत का नाही,
घाऊक विक्रेत्याच्या यादीत तुमचं नाव कुठे आहे.
सगळं खरं होतं.
खऱ्यावर खरं आपटत राहिलं,
आणि जेवणाची घंटा झाली.

सेव-उसळीचा तिखट घाम पुसत
विद्युल्लता रणदिवे जिन्याखाली आल्या.
मांडवीकडच्या वाचनालयात तेवीस वर्षं.
पिशवीतून काहीतरी काढलं, खाकी कव्हर घातलेलं,
कण्याला कापडाची पट्टी, खळीनं चिकटवलेली.
"हे तुमचंच ना?"

माझंच होतं.
मी छापलेलं पहिलं पुस्तक:
ओव्हरसीअर कारखानीसांनी सायकलवरून हिंडून
मोजलेल्या एकशे चाळीस विहिरी,
खोली, चव, पायऱ्या, कुणी बांधली, कुणाला उतरू देत नसत.
मिरजेला तळघरात गठ्ठे होते उरलेले.
विहिरींचं पुस्तक पुरानं नेलं.
लोक हसतात म्हणून मी हे सांगायचं सोडून दिलंय.
घरी एक प्रत नाही. कारखानीस तर नाहीतच.

मी मागचं पान उघडलं.
तारखांचा कागद, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा.
जांभळे शिक्के, काही तिरके, काही फिके,
आणि वाचक क्रमांक: ४१२. ४१२. ८७. ४१२.
दर एप्रिलात ४१२.
सलग नऊ एप्रिल.
नंतर कोरं.

"कोण हो हा?"
बाईंनी चष्मा पुसला.
"ते आम्ही सांगत नसतो."
एवढंच. आणि मला वाटलं, सभागृहात दोन दिवस
जे काही एकमेकांना समजावत होतो
त्याहून जास्त मला आत्ता समजलं.

मग तिथेच, बंबाला टेकून, हिशेब सुरू झाला.
आणंदच्या कौशलभाईंनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली,
पाठीमागं लिहिलं: अमारी दस.
नवसारी पाच. इंदूरहून आलेले जोशीकाका,
"मंडळाला विचारतो," म्हणाले, आणि न विचारता आठ लिहिले.
वहिदा म्हणाली, शिवणं माझ्याकडे, कागद कोण देतं?
भाऊ एकमेकांकडे बघत राहिले,
मग धाकटा म्हणाला, देऊ.
त्रेपन्न प्रती झाल्या.
शंभराला परवडतं.
कुणीच तसं म्हणालं नाही.

आता नव्यानं जुळवायला मूळ प्रत हवी.
मी पुस्तक पिशवीत टाकायला गेलो तर
बाईंनी हात आडवा केला.
"सभासद नाही तुम्ही."
आणि पर्समधून खरंच पावतीपुस्तक काढलं,
अनामत शंभर रुपये,
नाव, पत्ता, व्यवसाय.
व्यवसायापाशी मी जरा थांबलो.
शिक्क्याची तारीख त्यांनी अंगठ्यानं फिरवली, दाबली.
"पंधरा दिवस. उशीर झाला तर रोजचा रुपया."

रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर
मी चौसष्टाव्या विहिरीपाशी होतो.
पाणी गोड, कठडा फुटका, पायऱ्या सव्वीस.
समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलेलं:
सत्तावीस. एक पाण्याखाली आहे.

पुस्तकावर लिहू नये, हे खरंच.
नव्या आवृत्तीत मी सत्तावीस करणार आहे.