अकरा मीटर

रविवारी राजहंसगडाखालच्या कातळावरून आलेला दोर
सोमवारी आमच्या वडगावच्या परसात, टबात.
कोमट पाणी. निरमा नाही, ब्रशही नाही.
पायानं तुडवत नाही, हातानं खळबळते;
तळाशी माती बसते येळ्ळूरची, लाल,
कणाकणानं आतून कापणारी.

"उन्हात टाक की, पटकन वाळंल," भिंतीपलीकडून निंगव्वा.
पटकन नकोच आहे, काकू.
उन्हानं रंग जातो तो दिसतो,
ताकद जाते ती दिसत नाही.
ती मान हलवते. लुगडं असतं तर
दोन पिळे, एक झटका, साकु.

मागाच्या खोलीत आता माग नाही,
फरशीतून वर आलेले चार बोल्ट तेवढे.
तिथं सावलीत दोर लोंबतो,
स्कूटरच्या बॅटरीपासून लांब, उंदरांपासून त्याहून लांब.
तोवर कॅराबिनर. जीभ कचकन मिटली पाहिजे;
अडखळली की जुना टूथब्रश,
मग पेन्सिलीच्या शिशाची चिमूटभर पूड.
हार्नेसवरची तारीख पुसत चाललीय,
ती वहीत उतरवून ठेवलीय.
वहीत सगळं आहे: कोण पडलं, किती वरून.
भैरू कंग्राळकर, दोनदा. हसत.

आप्पा दारात बसलेत.
चाळीस वर्षांत पॉवरलूमनं त्यांचे कान नेले,
बोटं ठेवली.
ओरडावं लागतं, म्हणून मी सांगतच नाही,
वाळलेल्या दोराचं टोक हातात देते.
ते डोळे मिटतात. अंगठा आणि तर्जनीमधून
दोर सरकू लागतो, जसं कापड सरकायचं
तुटका धागा शोधताना.
मी हे काल केलं होतं. दोन वेळा.
"ठीक" लिहिलंही होतं.

अकरा मीटरवर बोटं थांबली.
मागं गेली. परत आली.
"हितं पोकळ हाय बघ."
वर काहीच नव्हतं. निळी नक्षी तशीच,
एक धागा उसवलेला नाही.
मी तिथं वाकवून बघितला:
दोर वळला नाही,
पुठ्ठ्यासारखा मोडला.

"ठीक" खोडलं. पेन कागदातून आरपार गेलं.

तापलेल्या सुरीनं कापताना वास सुटला
नायलॉनच्या साडीला इस्त्री चिकटल्याचा.
अठ्ठेचाळीस मीटर राहिले, ते अजून चढतील.
मध्याची खूण नवी करायला हवी,
जुनी आता खोटं बोलेल.

उरलेला तुकडा भैरूला हवा होता, म्हशीला.
दिला नाही. हातहातभर कापून टाकला.
ज्यावर भार टाकता येत नाही
ते अखंड दिसू नये,
म्हशीचा दोर कधीतरी कुणीतरी अंधारात कमरेला बांधतं.

त्यातला एक आप्पा उसवत बसले.
वरचं विणलेलं मोज्यासारखं सोललं.
आत पांढरे पीळ,
एकमेकांत न गुंतलेले, नुसते शेजारी शेजारी.
"वजन कोण घेतंय?"
आतले, मी ओरडले.
"आणि हे विणलेलं?"
राखणीला.
ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.
बराच वेळ ते रिकामं निळं विणकाम
बोटात घालून बघत राहिले,
मग म्हणाले,
"मीटरला किती घेतला?"