अळणी

तुये सबस्टेशनच्या मागे पांढरा कंटेनर उभा राहिला
तेव्हा बाबा आगरवाड्याहून सायकलने आले.
दारात चपला काढल्या, देवळात काढतात तशा.
घाला, मी म्हटले, इथे अनवाणी चालत नाही.

"आंत उदक ना?"
ना. थेंबभरही नाही. सगळे कोरडे,
सिरॅमिकच्या चकत्या, पापडाएवढ्या पातळ,
त्यांतून सोडियम दिवसा पलीकडे जातो,
रात्री परततो.
"भरती-ओहोटी," ते म्हणाले. "आणि मानस?"
मानस म्हणजे आगराच्या बांधातली झडप.
मी स्क्रीनवरचा आकडा दाखवला.

त्यांनी पत्र्याला कान लावला.
दृष्ट काढून आई चुलीत मीठ टाकायची,
ते तडतडायचे.
इथे काहीच तडतडत नव्हते.
पंखा तेवढा.

"महाग आसतलें?"
स्वस्त, मी म्हणाले. मीठ स्वस्त, म्हणून.
आणि जीभ चावली.
गेल्या मोसमात रिकाम्या गोणीलाच जास्त पडले होते,
आतल्या मिठाला कमी.
तो स्वस्तपणा चाळीस वर्षे
टाचांच्या भेगांत भरून
त्यांनी घरी आणला होता,
त्यातूनच माझी फी गेली.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
साडेसातला वीज गेली, कोलवाळपर्यंत काळोख.
शापोऱ्याच्या बर्फ कारखान्यातून दामोदरचा फोन:
"आमचें चालू आसा गो, कशें?"
मी बाबांकडे पाहिले.

त्यांनी कंटेनरच्या कडीवरून बोट फिरवले,
जिभेला लावले.
"अळणी," म्हणाले,
आणि सायकल काढली.