मांजर नसलेल्या घरातून

सानेल्मा, तू विचारलंस म्हणून सांगते.
नाहीतर मी शाळेची बस चालवणारी बाई,
आरशातून मुलं बघते, बोलत नाही.

आधी त्या काळ्या कोटावर चकाकती पट्टी शिव.
नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधार होतो इथे,
आणि माझ्या दिव्यांना तुझी लेक
अगदी शेवटी दिसते.

मग तळं.
बर्फ नजरेने मोजू नये, गिरमिटाने मोजावा.
शेजारचा रेइयो म्हणतो, बोटभर खोल, घट्ट असला की माणूस पेलतो.
मी म्हणते, वीतभर होऊ दे, घाई कसली आहे?
लव्हाळ्यांपाशी, पुलाखाली, ओढा येऊन मिळतो तिथे
तो कुणाचाच नसतो.
आणि एप्रिलमध्ये वीतभर असूनही
दुधात बुडवलेल्या पावासारखा.

गळ्यात दोन टोचे हवेत, दोरीने बांधलेले.
फुटलाच, तर पुढे धडपडायचं नाही,
आलो त्याच बाजूला वळायचं,
इथवर तिनेच पेललेलं असतं.
टोचे रोवायचे, पाय मारायचे, पोटावर सरकायचं,
वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत जायचं.
ओइवा सहा वर्षांचा होता तेव्हा
बैठकीतल्या गालिच्यावर शिकवलं होतं हे.
तो हसून हसून मुद्दाम बुडत होता.

मला वाटलं, झालं माझं काम.

तो सोळाचा झाला त्या एप्रिलात
तळ्यापलीकडच्या एका घरात आईबाप नव्हते, बिअर होती.
रस्त्याने घर अकरा किलोमीटर, तळ्यावरून दोन.
गाडीची किल्ली माझ्या टेबलावर, मी जागी,
फोन त्याच्या खिशात.
पावणेतीनला पायऱ्यांवर फळ्या आपटल्यासारखा आवाज आला.
त्याची विजार होती ती, गोठलेली.

(अशा वेळी सौना तापवू नकोस हं.
माझाही हात तिकडेच गेला होता.
ओलं काढ, कोरडं गुंडाळ, कोमट गोड पाणी घोट घोट दे,
आणि रुग्णवाहिका बोलाव.)

दात वाजणं थांबल्यावर विचारलं, फोन का नाही केलास?
म्हणाला, तू ओरडली असतीस.
एवढंच.
त्या हिवाळ्यात एका हरवलेल्या हातमोज्यावरून
मी दोन दिवस अबोला धरला होता.
त्याला बर्फाचा अंदाज होता, सानेल्मा,
माझा नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे एक वाक्य आहे:
मांजर आत आलं का?
मांजर नाही आमच्याकडे, हिल्लाला शिंका येतात.
पण खांद्यावरून वाचणाऱ्या मित्राला काय ठाऊक?
मी लिहिते, बघते हं, आणि किल्ली उचलते.
गाडीत प्रश्न विचारायचा नाही.
रेडिओ लावायचा. घरी सूप असलं तर सूप.
विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि एकदाच.

सोपं वाटतं ना?
एकदा लाकूडवखारीच्या वळणावर माझ्या तोंडून निघून गेलं,
कोण कोण होतं रे तिथे?
नंतर आठ महिने मांजर आलंच नाही.

ओइवा आता तांपेरेत वेल्डिंग शिकतो.
रविवारी फोन करतो, हवेबद्दल बोलतो.

आणि गेल्या शुक्रवारी, रात्री सव्वाअकरा,
हिल्लाचा निरोप: मांजर आत आलं का?
मी दाराकडे पाहिलं. तिचे बूट तिथेच होते.
कोटही खुंटीला.
पोरगी वरच्याच खोलीत, पांघरुणात,
हातात फोन, आणि फोनमध्ये कोण, देव जाणे.

त्याला गिरमीट नाही माझ्याकडे.
किती जाड, कुठे पोकळ, मला कळत नाही.
एवढं कळलं की फोन हिसकावायचा नाही,
त्यातलं काही पुसायचं नाही,
शेजारी बसायचं, ती दाखवेल तेवढंच बघायचं.

सवयीने किल्ली उचलली
आणि जिना चढले.