एका रात्रीपुरतं

टेम्पो आला तेव्हा सहाला दहा कमी.
सिन्नरहून. ताडपत्रीखाली चोवीस कॅन, आम्लाचे.
चलनावर माझी सही हवी.
आम्लाची खोली शटरपर्यंत भरलेली,
आवारापलीकडची रिकामी.

पलीकडची म्हणजे सायनाइडची.
प्लेटिंगच्या टाक्यांना लागतं ते,
सहा ड्रम कोपऱ्यात,
बाकी फरशी मोकळी, कोरडी, झाडून घेतलेली.
कुणालाही वाटावं, इथे ठेवू.

"एका रात्रीपुरतं," धात्रक साहेब म्हणाले,
"सकाळी हलवू. एका रात्रीत काय फुटतंय?"
तेही खोटं बोलत नव्हते.
बहुतेक रात्री काहीच फुटत नाही.

दगूनाना खांडबहाल्यांनी मला स्टोअर शिकवलं, इथेच, सातपूरला.
पहिल्या दिवशी चावी दिली नाही.
दोन खोल्यांमधलं अंतर पावलांनी मोजायला लावलं.
एकोणीस.
"यातलं एक पाऊल जरी कुणी मागितलं
तरी द्यायचं नाही, पोरी.
मागणारा बहुधा चांगलाच माणूस असतो."
मग म्हणाले, हे दोन एकत्र आले की कडू बदामाचा वास सुटतो म्हणतात.
मला नाही यायचा तो. काही नाकांना जन्मापासूनच येत नाही.
म्हणून नाकाला विचारायचं नाही,
पावलांना विचारायचं.

मी सही केली नाही.

टेम्पो आवारातच राहिला,
नाल्यापासून लांब, चाकांना ओंडके लावून,
शेजारी चुन्याच्या चार गोण्या.
शकूर ड्रायव्हरनं घरी फोन लावला,
"आज येत नाही. एक बाई अडून बसलीय."
मखमलाबादला माझ्या भाचीची हळद होती.
मीही फोन लावला. मी कारण सांगितलं नाही,
सांगितलं असतं तर हसले असते.

वॉचमनच्या बाकावर आम्ही दोघं, मधे चिवड्याचा पुडा.
छपरावरची वाऱ्याची पिशवी
कामगारनगरकडे शेपूट करून फुगलेली.
तिकडे दिवे. कुणीतरी कांदा परतत होतं,
तो वास मात्र मला इतक्या लांबून आला
की आल्यासारखा वाटला, कोण जाणे.
मी खिडक्या मोजायला लागले
आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिलं.
शकूर म्हणाला, "बाई, भीती वाटते का?"
मी म्हटलं, नाही.
भीती वाटू नये म्हणून तर बसलेय.

सकाळी ताडपत्री काढली.
चोवीसच्या चोवीस कॅन धड.
टोपणं घट्ट. एक थेंब नाही कुठे.
धात्रक साहेबांनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
"बघ. ठेवले असते तर काय झालं असतं?"

यावर उत्तर नाही. मला कधीच मिळणार नाही ते.
टेम्पोचं खोळंब्याचं भाडं अठराशे, माझ्या नावावर शेरा,
आणि नोंदवहीत 'काय घडलं' या रकान्यात
मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं,
काही नाही.

घरी जाण्याआधी एकदा चालून पाहिलं,
या शटरपासून त्या शटरपर्यंत.
एकवीस भरली.
वयानं पावलं आखूड होतात.
वरची दोन कुणाला सांगितली नाहीत.
तीही देणार नाही.