पडले, पडलो

तोरुनच्या पोलीस चौकीतलं टेबल
माझ्या हनुवटीला लागायचं.
मी नऊ वर्षांचा. आईचा आवाज.
बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे
सगळे असंच म्हणायचे: आला बघा आईचा आवाज!

आईने आधी दोन्ही तळव्यांनी हवा ढकलली.
मग डाव्या हातावर उजव्याची दोन बोटं उभी केली,
पायांसारखी,
आणि ती बोटं खाली कोसळली.
आठ पायऱ्या होत्या. तिने आठही दाखवल्या.

मी म्हणालो, "बाबांनी ढकललं. मी पडले."

पोलीस हसला.
"पडले? मुलगा ना रे तू? नीट बोल."
पोलिशमध्ये क्रियापदालाही
झगा घालावा लागतो, नाहीतर विजार.
माझे कान तापले.
दाराच्या काचेपलीकडे बाबांची टोपी हलत होती.
मी पुन्हा सुरुवात केली, पण शेवटापासून:
"मी पडलो."

"शाब्बास."
त्याने खणातून मधाचं बिस्किट काढून दिलं.

नोंद झाली: मुलगा जिन्यावरून पडला.
आई मुकी. तक्रार नाही.

काय लिहिलंय, आईने विचारलं.
तू सांगितलंस तेच,
असं माझे हात म्हणाले. बिस्किट काखेत धरून.
तिने सही केली. यादविगा.
सावकाश, एकही अक्षर न गाळता.

दुभाषा नाही झालो मी.
वायरमन झालो.

परवा व्हिस्तुलापलीकडच्या निवाऱ्यात काम होतं.
बेल दाबली की उजळणारे दिवे, सात खोल्यांत सात.
उशीखाली थरथरणारी चकती, आग लागली तर.
दारात काच, कारण बाहेर कोण उभं आहे
ते दिसल्याशिवाय कडी कोण काढेल?
आधी इथे भिंतीवर नुसता एक फोन नंबर होता,
ठळक. चोवीस तास.
रात्रपाळीची बोगुमिवा, स्वतः कर्णबधिर,
त्यावर बोट ठेवून मला विचारायची:
काय करू याचं? पाठ करू?

मी तपासायच्या आधीच दिवा लागला.
काचेपलीकडे एक बाई, बर्फात घरातल्या सपाता,
आणि सात-आठ वर्षांची मुलगी.
आत येताच मुलीने घसा खाकरला.
ओळखीचा वाटला तो घसा.
"माझं नाव रेनाता," ती म्हणाली,
"मला चौतीस वर्षं पूर्ण झाली आहेत."

बोगुमिवा तिच्याकडे बघून हसली, एकदाच.
मग आईकडे वळली, बाह्या सारल्या,
आणि हातांनी विचारलं: जेवलीस?

आईचे हात क्षणभर नुसतेच वर राहिले.
मग जे सुटले ते सुटलेच.

मुलगी तोंड उघडं ठेवून उभी.
"पण मी सांगते ना," ती पुटपुटली,
"मला येतं सगळं."
येतं, मी म्हटलं. माहीत आहे मला.
तिच्या हातात टेस्टर दिला.
"याचा दिवा लागला की सांग."
"कुणाला?"
"मला. फक्त मला."

दोघींकडे पाठ करून मी शिडीवर चढलो.
हातांचं बोलणं कानाआड करता येत नाही,
पाठच फिरवावी लागते.
तूही इकडे वळ, मी म्हटलं.

वेळ लागला तिला.
मग वळली.
टेस्टर नाकाजवळ धरून, डोळे बारीक करून:
"अजून नाही.
अजून नाही.
लागला."